पश्चिमेच्या खोलीला नुसता छज्जा पुरत नाही

ऐरोलीतल्या जुन्या रो-हाऊसला मागे, पश्चिमेकडे खोली वाढवताय आणि 2 फुटी छज्जा काढला की उन्हाचा प्रश्न मिटला असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, हे वाचून राहवलं नाही. सहा वर्षांपूर्वी वाशीत आम्ही हेच केलं. बाबांना गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून त्यांच्यासाठी तळमजल्यावर खोली.

परवानगी, आरसीसीचं डिझाइन, जुन्या-नव्या भिंतीतला जॉइंट हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझी मोठी चूक एकच. मी रोज सकाळी 8 ला, कामावर निघण्याआधी साइटवर चक्कर मारायचो. तेव्हा ती बाजू सावलीत, गार. दुपारी 4 नंतर तिथे एकदाही उभा राहिलो नाही. मे महिन्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा उपयोगी पडतो. पण 5 वाजता तो क्षितिजापासून 30 अंशांच्याही खाली उतरलेला असतो आणि पश्चिमेच्या भिंतीला जवळपास समोरून भिडतो. 2 फुटी छज्ज्याची सावली त्या वेळी फूटभरच खाली येते. आमची खिडकी 4 फुटी. उरलेलं ऊन थेट बाबांच्या पलंगावर. त्यात भिंत 4 इंची, ती रात्री उशिरापर्यंत धगधगायची. पहिल्याच उन्हाळ्यात बाबांनी गादी हॉलमध्ये आणली. ज्यांच्यासाठी खोली बांधली त्यांनाच तिथे झोपता येईना, हे मला फार लागलं.

मग जाड पडदे, काचेला फिल्म, एसी असं सगळं केलं. पैसे गेले, खोली तापतच राहिली. ऊन काचेतून आत शिरलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. शेवटी भिंतीपासून दीड फूट सोडून जीआय पाइपची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) फ्रेम उभी केली, तिला बाहेरच्या अंगाने खाली झुकलेल्या आडव्या पट्ट्या लावल्या आणि कडेने मधुमालती चढवली. खिडकी उघडी ठेवता येते, पावसाची झडही बरीच अडते. साधं लोखंड मात्र वापरू नका, खाडीच्या हवेत गंजतं.

मी आर्किटेक्ट नाही, घरागणिक फरक पडेल. घराभोवती नियमाने मोकळी सोडायची जागा असते, फ्रेम त्यात येते का, हे तुमच्या आर्किटेक्टला आधी विचारा. पण पश्चिमेला 4 इंची भिंत मी कुणालाच बांधू देणार नाही; 9 इंची विटेची किंवा जाड सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची) घ्या. आणि वर गच्ची येणार असेल तर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या टाइलच्या तुकड्यांचा थर) करा, स्लॅब कमी तापतो.

ड्रॉइंग पक्कं करण्याआधी एकदा संध्याकाळी 5 ला तिथे अर्धा तास थांबाच. भिंत किती इंची धरली आहे आणि खिडकीचं माप काय, ते इथे लिहा, म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर सांगतो.