हप्ते चालू असलेली मोटारसायकल विकून कॉलेजची फी भरावी का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाव लांज्याजवळ, डिप्लोमा झालाय, रत्नागिरीत डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला नंबर लागतोय, फी साधारण ४५ हजार. गाडीवर एक लाखाचं कर्ज, व्याज १४ टक्के, ३६ पैकी १४ हप्ते भरलेत. गाडी विकली तर फी निघेल का, असा प्रश्न.

फी निघणार नाही. हप्ता मात्र थांबेल. गाडी ठेवायची की विकायची हे त्या थांबणाऱ्या हप्त्यावर ठरवा आणि फीचा बंदोबस्त दुसरीकडून करा.

हिशोब मांडू. एक लाख, १४ टक्के, ३६ महिने म्हणजे हप्ता सुमारे ३,४१८ रुपये. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे १४ हप्ते भरूनही मुद्दल ६६ हजारांच्या आसपास शिल्लक आहे. दुचाकीचं कर्ज बहुतेक वेळा स्थिर व्याजदराचं असतं, त्यामुळे मुदतीआधी बंद करायला दंड लागतो. किती, ते तुमच्या करारात आणि कर्ज घेताना दिलेल्या मुख्य तथ्य विवरणात छापलेलं असतं. ४ टक्के धरले तर २,६४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे आणखी ४७५. एकूण ६९ हजारांच्या पुढे. गाडीला ८० हजार मिळाले तरी हातात पावणेअकरा-अकरा हजार उरतात. ६५ हजारच आले तर वर चार हजार तुम्हालाच घालावे लागतील.

आणि किंमत ठरवताना ऑन-रोड आकडा डोक्यातून काढा. त्यातला रोड टॅक्स, पासिंग, विमा यांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीच गाडी स्वस्त झाली म्हटल्यावर त्याआधी घेतलेल्या जुन्या गाडीचा भावही खाली बसला.

आता गाडी ठेवण्याचा खर्च बघा, कारण खरा निर्णय इथे होतो. लांजा ते रत्नागिरी जवळपास ४० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन ८०, महिन्याचे २४ दिवस धरले तर १,९२० किलोमीटर. लिटरला ४५ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला ४,५०० रुपये नुसतं पेट्रोल. हप्ता मिळवला की आठ हजार झाले. शिवाय या रनिंगला दीड-दोन महिन्यांत ऑइल, वर्षा-सव्वा वर्षात चेन-स्प्रॉकेट आणि मागचा टायर. पावसाळ्यात हायवेवर कामं आणि डायव्हर्जन चालू असताना पहाटे निघणं हा भाग वेगळाच. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांशच तुमच्याकडून जातो.

पण एसटी तेव्हाच स्वस्त, जेव्हा ती तुमच्या वेळेला असते. सकाळी फाट्यावर किती वाजता गाडी येते, शेवटचं लेक्चर किंवा प्रॅक्टिकल संपल्यावर परतीची शेवटची कोणती, फाट्यापासून घर किती आत, हे डेपोत जाऊन विचारा. ॲडमिशनआधी चार दिवस त्याच वेळेला प्रत्यक्ष जाऊन या. वेळ बसत असेल किंवा रत्नागिरीत होस्टेल, रूम घेणार असाल, तर गाडी विका. घरी पडवीत उभी राहून दमट हवेत गंजणारी आणि महिन्याला ३,४१८ खाणारी गाडी हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. उलट गाडीवर कमाई होत असेल, कोणी मासळी पोचवत असेल, कुणाची डिलिव्हरी असेल, तर विकू नका. मग ती घराच्या उत्पन्नाचा भाग आहे.

फीचं काय? पहिलं म्हणजे महाडीबीटी, सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गाला ट्यूशन फीचे ५० टक्के मिळतात. मागास प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गात ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, बहीण शिकत असेल तर हे तिच्यासाठी लक्षात ठेवा. कॉलेजच्या ऑफिसात विचारायचा प्रश्न एकच: शिष्यवृत्तीची रक्कम वजा करून फी घेता की पूर्ण भरून नंतर परत देता? ४५ हजारांतली नेमकी किती ट्यूशन फी आहे हेही विचारा, कारण डेव्हलपमेंट आणि इतर फी त्यात धरत नाहीत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं खातं आधीच तयार ठेवा.

उरलेल्या रकमेला शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. परतफेड कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते. पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर तुमचं कॉलेज यादीत आहे का बघा. असेल, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. यादीत नसेल तर नेहमीचं शैक्षणिक कर्ज आहेच. म्हणूनच आत्ता गाडीचा एकही हप्ता बाऊन्स होऊ देऊ नका. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) त्यांचं बिघडेल आणि सहकर्जदार तेच असतील.

विकायचंच ठरलं तर वेळेचा घोळ समजून घ्या. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे, तो उतरल्याशिवाय किंवा कंपनीची लेखी संमती असल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कंपनीकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज बंद करायला एकूण किती भरायचे याचं पत्र, घ्या. त्यावर तारीख असते, पुढच्या प्रत्येक दिवसाला तुमच्या रकमेवर २५ रुपयांच्या आसपास व्याज चढतं. गिऱ्हाईकाने ६९ हजार थेट तुमच्या लोन खात्यात भरावे, तुमच्या हातात नाही. हा मार्ग त्यालाही सुरक्षित वाटतो, तुम्हालाही. उरलेले दहा-अकरा हजार तो कंपनीची एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र) येईपर्यंत अडवून ठेवेल आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. एनओसी आणि सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ कंपनीच्या मुख्य ऑफिसातून यायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. म्हणजे तेवढेसे पैसेही फीची तारीख उलटल्यावर येणार. कंपनीची एनओसी साधारण तीन महिने चालते, ती आली की लगेच पुढचं काम करा.

पुढचं काम परिवहन पोर्टलवर आणि एमएच-०८ असेल तर रत्नागिरी आरटीओत. बोजा उतरवायला फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. थकलेलं ई-चलन असेल तर काम अडतं, आधी भरून टाका. गिऱ्हाईक गोव्याचं असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणि तिकडचा रोड टॅक्स वाढतो, तेव्हा शक्यतो जिल्ह्यातलंच बघा.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक म्हणजे ओटीपी. शोरूमने पासिंग करताना एजंटचा मोबाइल नंबर टाकलेला असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. नंबर आजच तपासा आणि बदलून घ्या. दुसरं म्हणजे विमा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांची असते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा. तुमचे १४ हप्ते झालेत, म्हणजे तो संपलेलाही असेल. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममधली सूट) गाडीचा नसून तुमचा असतो, त्याचं पत्र मागून ठेवा, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं.

“हप्ते मी भरतो, गाडी मला दे, नोटरी करू,” असं म्हणणारा गावात कोणीतरी भेटतोच, बहुतेक ओळखीचाच. सरळ नाही म्हणा. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरने कर्ज त्याच्या नावावर जात नाही. त्याने दोन हप्ते चुकवले की सिबिल तुमचं पडतं. त्याने कुणाला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात आरसीवरचं नाव धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. काही कंपन्या गिऱ्हाईकाची पत तपासून कर्ज रीतसर त्याच्या नावावर करतात, तो मार्ग असला तर विचारा.

गाडी दाखवण्याआधी चेन, स्टँडचा जोड आणि स्पोक डिझेल-ब्रशने, बॅटरीचे टर्मिनल कोरड्या ब्रशने साफ करा. सायलेन्सरला आदल्या रात्री काळा रंग मारू नका, किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक पहिला हात तिथेच लावतं. फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर सील गळणार हे त्याला माहीत असतं, तेव्हा ते आधी सांगून भाव ठरवा. धो-धो पावसात गाडी बघायला फारसं कोणी येत नाही आणि जून-जुलैच्या बंदीत मासेमारीवाल्या घरांतही पैसा नसतो, म्हणून घाईत पहिल्याच दलालाला देऊन टाकू नका. तो स्वतःचा नफा आणि एनओसीची जोखीम धरूनच आकडा सांगतो.

कर्ज बंद झाल्यावर बँकेतला ऑटो डेबिट रद्द करा, नाहीतर पुढचा हप्ता कापला जातो आणि परत मिळवायला फेऱ्या होतात. कर्जाबरोबर लोन प्रोटेक्शनचा विमा माथी मारला असेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. दोन महिन्यांनी सिबिलचा मोफत रिपोर्ट काढून खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय ना ते बघा. ‘सेटल्ड’ (कमी पैशांत मिटवलेलं) दिसत असेल तर कंपनीला लेखी तक्रार करून दुरुस्त करून घ्या.