सेकंडहँड डिझेल ऑटोमॅटिक पिकअप घ्यावी का? गिअरबॉक्स किती टिकतो?

तुम्ही विचारलंय की परभणीत ९० हजार किलोमीटर चाललेली डिझेल ऑटोमॅटिक पिकअप बघून ठेवलीय, शेतीला आणि अधूनमधून मोंढ्यात माल न्यायला पाहिजे, गिअरबॉक्स टिकंल का, का गपचूप मॅन्युअल घ्यावी. टिकतो. नीट वापरला तर इंजिनाइतकाच टिकतो. एवढंच पाहिजे असेल तर इथंच थांबा, कारण पुढं आमच्या दाजींचा विषय येणार आहे आणि तो आला की माझं लांबतं.

माझी पिकअप २०२१ ची, नवी घेतलेली, सहा गिअरची ऑटोमॅटिक, मागच्या चाकावर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, लगेच भांडणं लागतात. गाव केज तालुक्यात. गाडी दारात आली तेव्हा आण्णांनी एकदाच विचारलं, "डावा पाय कुठं ठेवायचा मग?" आणि विषय सोडला. दाजींनी सोडला नाही. त्यांच्या दोन मॅन्युअल पिकअप आहेत, भाजीपाला भरून सोलापूर-पुणे करतात, पंधरा वर्षं ह्याच धंद्यात, त्यामुळं गाडीच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणले ही ऑफिसला जाणाऱ्या लोकांची गाडी, आपल्या काळ्या रानात सहा महिने बी टिकणार नाही.

टिकली की. पावणेदोन वर्षं, ४१ हजार किलोमीटर, मांजरसुंब्याचा घाट लोडमधी कितीदा केला त्याला हिशोब नाही.

मग २०२२ चा ऑक्टोबर आला, परतीचा पाऊस, सोयाबीन रानात काढून पडलेलं आणि मी नेमका पुण्याला सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. दाजी मदतीला आले, माझीच पिकअप घेतली, अठरा कट्टे भरले आणि बांधावरून निघताना गाडी रुतली. आता आपल्या काळ्या मातीत रुतणं म्हणजे काय हे परभणीच्या माणसाला मी सांगायला नको. मॅन्युअलला काय होतं, क्लचचा वास सुटतो, माणूस घाबरतो, थांबतो. ऑटोमॅटिकमधी तसा वास लवकर येतच नाही. दाजींनी डी (पुढं जायचा गिअर) आणि आर (मागं जायचा) मधी टाकून पाऊण तास रेस केली. पुढं, मागं, पुढं, मागं. चाकाला पकड नाही आणि जिथं पकड मिळंल तिथं गाडी हलत नाही, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधी (ऑटोमॅटिकला क्लचच्या जागी असलेला तेलाचा डबा) इंजिनचा पंखा तेल ढकलायलाय आणि पलीकडचा पंखा अडकून बसलाय, सगळी ताकद तेल तापवण्यात चालली. हे तेल ९०-९५ डिग्रीपर्यंत आरामात असतं, १२० च्या वर गेलं की झपाट्यानं खराब व्हायला लागतं. शेवटी लाइट लागली आणि गाडीनं जीव सोडला, डी मधी टाकलं तरी जागची हलंना.

इथपर्यंत सुद्धा काही बिघडलं नव्हतं. मी आज बी छातीठोक सांगतो, तासभर थंड होऊ दिली असती आणि तेल बदललं असतं तर बहुतेक वाचली असती.

पण दाजींचा फोन आला, "पाव्हणं, तुम्ही काळजी करू नका, मी टोचन करून बीडला आपल्या मिस्त्रीकडं नेतो." मी दवाखान्याच्या जिन्यात उभा, मला बी तेव्हा काही माहिती नव्हती, मी म्हणलो न्या. ट्रॅक्टरनं बाहेर काढली, न्यूट्रलला टाकली, डिझेल कशाला जाळायचं म्हणून इंजिन बंद, आणि मागची चाकं जमिनीवर ठेवून पन्नासेक किलोमीटर ओढत नेली, घाट उतरून. (इंजिन बंद म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूम नाही आणि उतारावर पुढं ट्रॅक्टर, ते वाचले हेच नशीब, पण तो वेगळा विषय.)

ऑटोमॅटिकमधी तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद तर पंप बंद. चाकं मात्र फिरायलेत, ती मागून गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट फिरवायलेत, आणि आत कोरडं. मॅन्युअलमधी खालचे दात तेलात बुडालेले असतात, ते फिरले तर वर बी उडवतात, म्हणून त्याचं टोचन बहुतेक वेळा पचून जातं. न्यूट्रल म्हणजे सुटं, हे मॅन्युअलचं ज्ञान दाजींनी ऑटोमॅटिकला लावलं. गाडीसोबत जे पुस्तक येतं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, मागची चाकं उचलून न्या, आणि फोर बाय फोर असेल तर चारही चाकं उचलून ट्रकवर टाकून. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणातच होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलं सुद्धा नव्हतं, हा माझा गुन्हा, मान्य.

बीडच्या मिस्त्रीनं हात लावला नाही, गाडी संभाजीनगरला न्यावी लागली, ह्यावेळी ट्रकवर. तिथं खालचा बोल्ट काढला तर लाल तेलाच्या जागी उसाच्या काकवीसारखं काहीतरी आलं आणि त्यात चमचम करणारी भुकटी. बिल २ लाख ६५ हजार. भरलं मी. बहिणीकडं बघून एक शब्द बोललो नाही.

आणि तेव्हापासून आमच्याकडं एक बी लग्न, एक बी जावळ असं झालं नाही जिथं दाजींनी मंडपात सांगितलं नाही की ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स ४१ हजारात गेला बघा. गेला! आपोआप गेला जणू.

म्हणून तुमचा प्रश्न बघितला आणि झोप उडाली. ऑटोमॅटिक नाजूक असतो असं ज्याला वाटतं त्यानं टोयोटाच्या हायलक्स पिकअपचे आकडे बघावेत, एकच २.८ लिटरचं इंजिन, मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आणि ऑटोमॅटिकला ५००. नाजूक गिअरबॉक्सला कंपनी जास्तीचा टॉर्क देईल का? अमेरिकेत तर टनावारी ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या डिझेल पिकअपला आता मॅन्युअल मिळतच नाही, शेवटची रॅम कंपनीची होती, २०१८ च्या मॉडेलपर्यंत, आणि तिथं बी मॅन्युअलवाल्या गाडीला इंजिनचा टॉर्क कमी करून द्यायचे. ९० च्या दशकात तिकडचे डिझेलमागचे काही ऑटोमॅटिक कच्चे म्हणून बदनाम होते, ते खरंय. पण ती तीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

आणि दाजींची एक पिकअप तेवढ्याच वर्षांत तीन क्लच प्लेटा खाऊन बसलीय, दर वेळी बारा-चौदा हजार आणि दोन दिवस गाडी उभी. ते कुणी मंडपात सांगत नाही, कारण मॅन्युअलचा खर्च हप्त्यानं जातो आणि ऑटोमॅटिकचा एकदम अंगावर येतो. माझी गाडी आज १ लाख ३६ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे दुरुस्तीनंतर ९५ हजार झाले, काहीच तक्रार नाही. फरक एवढाच केला की दर ६० हजार किलोमीटरला एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) बदलतो, कंपनीनं सांगितलेलं तेच, दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणून देतो ते नाही. 'लाइफटाइम तेल आहे' म्हणून कुणी सांगितलं तर कुणाची लाइफ ते विचारा. आणि गाडी रुतली की दोन मिनिटांच्या वर रेस नाही, उतरायचं, फावडं घ्यायचं.

हां, एक सांगायचं राहिलं. तुमच्या गाडीवर ड्रायव्हर बदलते असतील, किंवा गाव असं असेल की स्कॅनरवाला मिस्त्री शंभर किलोमीटरवर, तर मॅन्युअलच घ्या, मी दाजींसमोर असं कधी म्हणणार नाही पण घ्या. बॅटरी उतरली तर ही गाडी धक्का मारून बी चालू होत नाही. आणि छोट्या कारमधलं एएमटी ह्यात धरू नका, ते मॅन्युअलच असतं, फक्त क्लच मशीन दाबतं आणि गिअर बी मशीनच टाकतं.

९० हजारवाली बघायला जाल तेव्हा सकाळी थंड इंजिनवर जा. ब्रेक दाबून आर मधून डी मधी टाका, गिअर धरायला सेकंदाच्या वर वेळ लागला किंवा दणका बसला तर चहा पिऊन परत या. तेल कधी बदललं त्याचं बिल मागा, तोंडी नको. जमलं तर थोडं तेल काढून वास घ्या, जळकं असेल तर विषय संपला. आणि गाडी कधी टोचन केलेली आहे का हे मालकाला विचारू नका, तो नाहीच म्हणणार. त्याच्या दाजीला विचारा.