नदी सुधारली, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न : नदी पुनरुज्जीवनाचा प्रकल्प पूर्ण झाला की किती किलोमीटर पात्रात काम झाले, किती झाडे लावली आणि किती खर्च आला, हे जाहीर होते. त्यावरून नदी सुधारल्याचे कळते का? कळत नसेल, तर काय मोजावे आणि किती काळ मोजावे?

उत्तर : त्यावरून ते कळत नाही. या आकड्यांतून काम किती झाले एवढेच समजते; नदीत काय बदलले, याची मोजणी वेगळी करावी लागते आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. २००५ मध्ये अमेरिकेतील ३७ हजारांहून अधिक प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जेमतेम १० टक्के नोंदींमध्ये कोणत्याही प्रकारच्या मूल्यमापनाचा किंवा देखरेखीचा उल्लेख आढळला.

मोजणीची सुरुवात काम सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवी, कारण यंत्रे पात्रात उतरल्यावर आधीची स्थिती पुन्हा नोंदवता येत नाही. त्याबरोबरच, जिथे काहीही काम होणार नाही असा, शक्यतो त्याच नदीचा, एक पट्टा तुलनेसाठी राखून तोही मोजत राहावा लागतो. तसे न केल्यास चांगल्या पावसाळ्याने झालेली सुधारणा प्रकल्पाच्या खात्यात जमा होते आणि दुष्काळाने झालेले नुकसानही त्याच्याच माथी बसते. फ्लोरिडातील किसिमी नदीचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. १९६२ ते १९७१ या काळात सुमारे १६६ किलोमीटरच्या या वळणदार नदीचा ९० किलोमीटरचा सरळ कालवा करण्यात आला. १९९९ मध्ये कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे पुन्हा वाहती करण्याचे काम सुरू झाले आणि ते २०२१ मध्ये संपले. ऑक्सिजन, मासे, पाणपक्षी यांत कोणता बदल अपेक्षित आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी आधीच लिहून ठेवले होते आणि तुलनेसाठी कालव्याचा न बदललेला पट्टाही मोजला होता. यश कशाला म्हणायचे हे निकाल हाती येण्यापूर्वी ठरलेले असणे, हे मला त्या प्रकल्पाचे सर्वांत मोठे श्रेय वाटते.

आता काय मोजावे, याविषयी. पाण्याचा एकच नमुना बऱ्याचदा फसवा ठरतो. शेवाळाने भरलेल्या नदीत दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो, पण पहाटे तो माशांचा जीव जाईल इतका खाली येऊ शकतो. दुपारी नमुना घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. याउलट तळाच्या दगडांखाली महिनोन्महिने राहणाऱ्या मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांसारख्या कीटकांच्या अळ्या त्या सर्व रात्री तिथेच काढतात, म्हणून त्यांची उपस्थिती अधिक विश्वासार्ह साक्ष देते. माशांच्या बाबतीत मात्र सावध राहावे : नव्या डोहात मासे दिसले, तरी ते आजूबाजूच्या पाण्यातून तिथे गोळा झालेले असू शकतात, त्यामुळे पिल्ले आणि वेगवेगळ्या वयाचे मासे मिळतात का, हेही पाहावे लागते.

पात्राचा आकार सुधारला म्हणजे जीवसृष्टी आपोआप परतेल, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अधिवासात विविधता निर्माण करणाऱ्या ७८ प्रकल्पांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांपैकी केवळ दोन प्रकल्पांत तळाच्या अपृष्ठवंशीय जीवांची विविधता ठळकपणे वाढल्याचे दिसले. वरच्या बाजूने सांडपाणी येतच राहिले, धरणातून पाणी अवेळी सुटत राहिले किंवा नव्या जागी येऊन वसण्याइतके जीव जवळपास उरलेच नसले, तर दगड आणि वळणे कितीही कौशल्याने रचली तरी ती रिकामीच राहतात.

किती काळ मोजावे, याचे सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. अळ्या एक-दोन वर्षांत येऊ शकतात, सावली देणाऱ्या काठच्या झाडांना दशके लागतात, आणि एखादा मोठा पूर येऊन गेल्याशिवाय पात्र टिकते की नाही हे समजत नाही. म्हणून मोजणीचा निधी बांधकामाच्या निधीतून वेगळा काढून आधीच राखून ठेवावा लागतो. एखादा प्रकल्प अजून सुरू व्हायचा असेल, तर आपण कामापूर्वीच्या नोंदी आणि तुलनेचा पट्टा कोणता, एवढे दोन प्रश्न आजच लेखी विचारावेत.