तेच पीक, तेच औषध: सोयाबीनमध्ये शेवटी केनाच का उरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीमकडची भारी जमीन, दहा-बारा वर्षं खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. पेरणीनंतर विसाव्या दिवसाच्या आसपास दरवर्षी इमॅझेथापायर या तणनाशकाची फवारणी. सुरुवातीला एका फवारणीत रान स्वच्छ व्हायचं, आता गवत मरतं पण केना आणि कुंजरू ही दोन तणं हिरवीगार राहतात. दुकानदार डोस दीडपट करायला सांगतो. करावा का?

करू नका. इमॅझेथापायर 10 टक्के एसएलची (पाण्यात विरघळणारं द्रावण) शिफारस एकरी 400 मिली आहे. दीडपट केलं तर सोयाबीन पिवळं पडून आठ-दहा दिवस थांबतं आणि औषधाचा अंश जमिनीत जास्त काळ राहतो. त्याच रानात रब्बी ज्वारी किंवा करडई घ्यायची झाली, तर उगवणीलाच फटका बसू शकतो. आणि एवढं करून मोठा झालेला केना मरत नाहीच.

आधी हे बघा की तुमच्या शेतात तणं वाढलेली नाहीत, बदलली आहेत. औषधाने जे मरत होतं ते कमी झालं आणि जे मरत नव्हतं त्याला मोकळं रान मिळालं. असा बदल आपल्याकडे पूर्वीही झालाय. ज्वारी सलग घेतली जायची तेव्हा टारफुला हे परजीवी तण डोईजड असायचं, कारण ते ज्वारीच्या मुळांवर जगतं. विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारी घटली तसा त्याचा त्रासही मागे पडला. आज राज्यात सोयाबीन 50 लाख हेक्टरच्या आसपास आहे, आणि त्यातल्या मोठ्या क्षेत्रावर वर्षानुवर्षं एकाच प्रकारची मशागत आणि एकाच गटाची औषधं चालू आहेत. पूर्वी दोन-तीन डवरणी (ओळींमधली कोळपणी) आणि एक-दोन निंदणी व्हायची. डवरा तणाची जात बघत नाही, दोन ओळींमधलं सगळं कापतो. औषध मात्र निवडून मारतं, म्हणून मागे काय उरणार हेही तेच ठरवतं.

आता केना. तो का तग धरतो, हे एक झाड हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पाऊस झाल्यावर झाड ओढू नका, खुरप्याने माती बाजूला करून मुळासकट उचला. मुळाजवळ पांढरट, बारीक फांद्या जमिनीत शिरलेल्या दिसतील. त्यांच्यावर न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच, मातीच्या आत, बी तयार होतं. वर निळ्या फुलांचं बी वेगळं, खाली जमिनीतलं वेगळं. वर आणि खाली दोन्हीकडे लहान-मोठे असे प्रकार, म्हणजे एकाच झाडावर चार तऱ्हेचं बी. त्यातलं जमिनीतलं मोठं बी लवकर उगवतं आणि जास्त खोलीवरूनही वर येतं, बाकीचं टप्प्याटप्प्याने निघत राहतं. म्हणून विसाव्या दिवशी एक फवारणी केली की त्या दिवशी उगवलेला केनाच तिच्या तावडीत येतो, मागाहून येणारा नाही. दोन-तीन पानांच्या पुढे गेलेला केना इमॅझेथापायरने पिवळा पडून थांबतो आणि पंधरा-वीस दिवसांनी पेरातून पुन्हा फुटतो. निंदून ओल्या बांधावर टाकला तरी पेरातून मुळं सोडतो.

ग्लायफोसेटलाही केना मुळातच दाद देत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस आला, नांगरट आणि इतर औषधं कमी झाली, आणि थोड्याच वर्षांत हाच केना तिथल्या कपाशीतलं सर्वांत त्रासदायक तण बनला. बांध आणि पडीक रान ग्लायफोसेटनेच स्वच्छ ठेवण्याची सवय असेल, तर तिथून केना शेतात सरकणार हे धरून चाला.

पुढचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि इथेच बहुतेक जण फसतात. लोक म्हणतात, "आम्ही औषध बदलतो." बदलतात काय, तर इमॅझेथापायरऐवजी क्लोरीम्युरॉन, किंवा पेरणीनंतर लगेच डायक्लोसुलम, किंवा इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्सचं मिश्रण. ही चारही औषधं तणातलं एकच विकर, एएलएस, बंद पाडतात. हा गट 2. (औषध तणावर घाव कुठे घालतं, त्यावरून तणनाशकांचे असे क्रमांकाचे गट पाडलेत.) कपाशीत मारतात ते पायरिथायोबॅक सोडियम याच गटातलं. गव्हातलं मेटसल्फ्युरॉन आणि सल्फोसल्फ्युरॉन, उसात लव्हाळ्यासाठी मारायचं हॅलोसल्फ्युरॉन, हीसुद्धा गट 2 चीच. म्हणजे पीक बदललं, डबा बदलला, कंपनी बदलली, तरी तणावर पडणारा घाव तोच राहिला. गवतांच्या बाबतीत क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, क्लोडिनाफॉप, फ्लुअॅझिफॉप हे सगळे एकाच गट 1 चे. दुकानात नाव नाही, गट विचारा.

एकाच घावाचं काय होतं ते हरियाणा-पंजाबच्या भात-गहू पट्ट्यात घडलंय. गव्हातल्या गुल्ली डंडा (मंडुसी) या गवतावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन मारलं गेलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते औषध निकामी ठरल्याच्या नोंदी झाल्या. मग नवी औषधं आली आणि काही वर्षांनी त्यातल्या क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉनलाही ते दाद देईनासं झालं. जिथे गव्हाऐवजी बरसीम (चाऱ्याचं पीक), ऊस किंवा बटाटा आला, तिथे त्या तणाचा जोर उतरला, कारण त्याच्या उगवण्या-पिकण्याचं वेळापत्रकच मोडलं.

तुमच्या शेतात तण औषधाला निर्ढावलंय की फवारणी चुकली, हे आधी ठरवा. फवारणीनंतर 21 दिवसांनी शेतात आडवे-उभे फिरा. तण पट्ट्यापट्ट्याने उरलं असेल तर नोझल किंवा चालण्याचा वेग चुकलाय. सगळ्याच जातींचं तण उरलं असेल तर उशीर झाला, ओल नव्हती किंवा पाणी कमी पडलं. एकच जात सगळीकडे उरली असेल, तर त्या जातीवर औषध मुळातच कमजोर आहे. केना बहुधा इथे बसतो. पण एकाच जातीचं, एकाच उंचीचं एक रोप मेलेलं आणि शेजारचं टवटवीत असं जागोजागी दिसलं, तर निर्ढावल्याची शंका घ्या. कुंजरूत हे नक्की बघा. अशा वाचलेल्या झाडांचं पक्कं बी घ्या, कधीच फवारणी न झालेल्या जागेचंही घ्या, दोन ट्रेमध्ये वेगळं पेरा आणि दोन-तीन पानांवर लीटरला 2 मिलीने फवारा. दोन्हीकडे सारखी मर झाली तर दोष फवारणीत आहे.

फवारणीतल्या चुका नेहमीच्याच आहेत. एकरी 400 मिली औषध 200 लीटर पाण्यातून जायला हवं. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने आठ टाक्यांत एकर उरकतात, तेव्हा कुठे दुप्पट पडतं, कुठे काहीच नाही. गनने मारू नका. पट्ट्यासारखा फवारा देणारं सपाट नोझल लावा. दिवस मोजण्यापेक्षा तणाची पानं मोजा. तण दोन ते चार पानांवर असताना मारा, मग पेरणीला पंधरा दिवस झालेले असोत की वीस.

मशागतीचं थोडक्यात. रोटाव्हेटर वरचेवर चालवला की हराळीचे आणि लव्हाळ्याचे तुकडे रानभर पसरतात. लव्हाळ्याच्या गाठी एका माळेत असतात तोवर शेंड्याची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. माळ तुटली की प्रत्येक गाठ फुटते. असं रान एप्रिल-मेमध्ये पलटी नांगराने उलटून गाठी उन्हात वाळू द्याव्या. पण दरवर्षी खोल नांगरट हाही उपाय नाही, कारण खाली गाडलेलं बी पुढच्या वर्षी पुन्हा वर येतं. नांगरट अजिबात बंद केली तर बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच राहतं. ते उगवून संपतं, पण नवीन बी पडू दिलं नाही तरच. विनानांगरणीच्या पद्धतीत पहिल्या दोन-तीन वर्षांत कंटाळून निंदणी सोडली, तर केना आणि हराळीसारखी पसरणारी तणं रान ताब्यात घेतात.

हार्वेस्टरकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. एका शेतातलं तणाचं बी तो दुसऱ्या शेतात नेऊन टाकतो आणि मागच्या कुटारातून (भुशातून) रानभर उडवतो. मशीन शेतात शिरण्याआधी पुढचा कटर आणि चाळण्या झटकून घ्यायला लावा, आणि तणाचे मोठे ठिगळ असलेला भाग शेवटी काढा. तांदुळजा वर्गातलं एक मोठं झाड लाखावर बी टाकू शकतं, गाजरगवताचं एक झाड 15 ते 25 हजार. कापणीआधी शेतभर फिरून उभी झाडं उपटायला चार मजूर लागले, तरी तो खर्च पुढच्या वर्षीच्या फवारणीपेक्षा स्वस्त पडतो, असं माझं ठाम मत आहे. कच्चं शेणखतही टाळा, त्यातूनही तणाचं बी येतं.

आता तुमच्या रानासाठी. यंदा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, घात (वाफसा) असेल तर, आठवडाभर थांबून उगवलेलं तण वखराच्या उथळ पाळीने मोडा आणि मगच पेरा. पेरणीनंतर 48 तासांच्या आत, ओलीवर, सल्फेन्ट्राझोन 28 टक्के आणि क्लोमॅझोन 30 टक्के हे तयार मिश्रण एकरी 500 ग्रॅम मारा. ही गट 14 आणि 13 ची जोडी आहे, केन्यावर इमॅझेथापायरपेक्षा चांगली चालते. मागे सरकत फवारा, म्हणजे जमिनीवरच्या औषधाच्या थरावर पाय पडणार नाही. हलक्या जमिनीत जोराचा पाऊस झाला तर रोपं करपतात, म्हणून हे भारी रानातच. तुरीचं आंतरपीक असेल तर लेबलवर तूर आहे का ते आधी बघा, नसेल तर वापरू नका. हरभरा घ्यायचाच असल्याने पुढच्या पिकाबद्दलची सूचनाही लेबलवर वाचा.

पंचवीस दिवसांनी एक डवरणी, पस्तिसाव्या दिवसाआधी दुसरी, फुलं लागल्यावर डवरा बंद. पेरणीनंतरच्या फवारणीतून सुटलेलं तण दोन ते चार पानांवर दिसलं, तर अॅसिफ्लुओर्फेन आणि क्लोडिनाफॉपचं मिश्रण एकरी 400 मिली. त्याने सोयाबीनच्या पानांवर तांबूस चट्टे पडतात, नवीन पान स्वच्छ येतं, घाबरून लगेच टॉनिक मारू नका. उरलेला केना वाफशावर खुरप्याने मुळासकट काढून शेताबाहेर वाळवा. जेएस 95-60 सारखा लवकर येणारा, बुटका वाण ओळी झाकत नाही. भारी रानात जास्त पसरणारा वाण घेतला, तर पंचेचाळिसाव्या दिवसानंतर सावलीच निम्मं काम करते.

पुढच्या वर्षी निदान अर्ध्या रानात मका घ्या. अॅट्राझीन (गट 5) आणि नंतर टेम्बोट्रिऑन (गट 27), दोन्ही वेगळे गट, आणि 60 सेंटिमीटरच्या ओळीत पीक गुडघ्याएवढं होईपर्यंत डवरा चालतो. कपाशीच घेणार असाल तर पायरिथायोबॅक वगळा आणि सगळा भर डवरणीवर ठेवा. गट 2 चं औषध त्या रानात निदान दोन खरीप नको. कोणत्या वर्षी कोणता गट मारला हे वहीत लिहून ठेवा आणि दुकानात जाताना ती वही बरोबर न्या.