'लागणे' म्हणजे नेमकं काय? सासूबाईंच्या प्रत्येक वाक्यात हा शब्द असतो

प्रश्न वाचून आधी हसलो, मग चहा गार होईपर्यंत विचार करत बसलो. तुम्ही केरळचे, नोकरी पणजीत, बायको डिचोलीची, सासूबाईंशी मराठीत बोलायचा प्रयत्न चाललाय आणि त्यांच्या दर दोन वाक्यांत एक 'लागला-लागली-लागलं' येतंच, कोशात बघितलं तर अर्थांची रांग संपत नाही, मग याला एक काहीतरी मूळ अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. चिकटणं, टेकणं, स्पर्श होणं. संस्कृतातला 'लग्' धातू, तोच घासून घासून आपल्याकडे आला. बाकी सगळा पसारा यातूनच निघतो, फक्त प्रत्येक वेळी बघायचं की काय येऊन कशाला चिकटलं.

मी फोंड्याचा, आमच्याकडे नारळाशिवाय पान हलत नाही म्हणून नारळाचंच उदाहरण घेतो. 'माडाला नारळ लागले' म्हणजे झाडावर फळ धरलं. 'लग्नाला दोनशे नारळ लागले' म्हणजे तेवढे खर्ची पडले. आणि 'डोक्याला नारळ लागला' म्हणजे माणूस आता दवाखान्यात आहे. नारळ तोच, क्रियापद तेच, फक्त ते 'ला' कोणाला जोडलंय तेवढं बदललं. म्हणून माझा सल्ला असा की हा शब्द ऐकला की आधी 'ला' शोधा, अर्थ नंतर आपोआप सापडतो.

हे एकदा डोक्यात बसलं की भूक लागली, तहान लागली, झोप लागली, ठेच लागली, दृष्ट लागली, कॅसिनोचा नाद लागला, सगळं एकाच जातीचं वाटायला लागतं. यात तुम्ही काहीच करत नाही हो, ती गोष्ट चालत येऊन तुम्हाला चिकटते. भूक ही मी करत नाही, ती मला लागते. नादाचंही तसंच, निदान नाद लागलेला माणूस तरी तसंच सांगतो.

आता खरी अडचण. हिंदी येत असेल तर तुम्हाला वाटेल की 'लगना' म्हणजेच 'लागणे', संपला विषय. इथे फसू नका. हिंदीतलं 'मुझे लगता है' मराठीत 'मला वाटतं' होतं. आमच्या ऑफिसात एक जण उत्तरेकडून आलेला, तो मीटिंगमध्ये 'मला लागतं की हे बरोबर नाही' असं म्हणायचा आणि आम्हाला पहिल्यांदा वाटायचं याला कुठे खरचटलंय की काय. उलट हिंदीत 'जाना पड़ता है' असतं तिथे मराठीत 'जावं लागतं'. म्हणजे सक्तीसुद्धा येऊन चिकटते, तुमची इच्छा कोण विचारतो.

आणि यातला सगळ्यात बारीक खड्डा सांगतो, कारण इथे मराठी माणूससुद्धा दोन सेकंद अडतो. 'मी भांडी घासायला लागलो' म्हणजे मी सुरुवात केली, कामाला हात लावला. 'मला भांडी घासायला लागली' म्हणजे दुसरं कोणी नव्हतं, नाइलाज झाला. 'मी'चा 'मला' झाला की उत्साहाचं रडगाणं होतं. त्यात कोणी नुसतं 'ती भांडी घासायला लागली' म्हटलं तर बाई भांडी घासू लागली की नेमकी ती भांडी कोणाच्या तरी गळ्यात पडली, हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच ठरवायचं.

गाडीचंही तसंच. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, स्टँडवर कोणी ओरडलं 'बेळगावची गाडी लागली' तर बॅग उचलून धावा, गाडी फलाटाला आली. पण बायको म्हणाली 'मला गाडी लागते' तर चोर्ला घाट चढायच्या आधी लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी तयार ठेवा. आणि वाटेत साखळी लागतं, केरी लागतं, म्हणजे ती गावं रस्त्याला चिकटून आहेत. तुमची गाडी त्यांना लागली असं मात्र म्हणू नका, तो अपघात होईल.

पावसाचा एक भेद गोव्यात राहायचं तर यायलाच हवा. 'पाऊस पडला' म्हणजे आला, गेला, कपडे परत बाहेर घाला. 'पाऊस लागला' म्हणजे आता बसा तीन दिवस घरात, कपडे पंख्याखाली. जूनमध्ये मृग लागतो, मग पाऊस लागतो, मग भिंतीला ओल लागते, आणि आमच्या बाजूला तर फोनही लागत नाही.

स्वयंपाकघरात 'भात लागला' हे शिजला म्हणून आनंदाने ऐकू नका, तो टोपाच्या बुडाला चिकटलाय. 'आमटी छान लागते' ही चव झाली, जिभेला टेकून जे कळतं ते. आणि 'मला सकाळी चहा लागतो' ही सवय.

एक मात्र जपून लक्षात ठेवा, कारण कोशात सापडो न सापडो, आमच्याकडे नि वर सिंधुदुर्गात ऐकू येईल. 'पान लागलं' म्हणजे साप चावला. जुनी माणसं सापाचं नाव घेत नाहीत, रात्रीचं तर नाहीच. मी लहान असताना मामाच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, संध्याकाळी खालून पोफळीतून हाक आली 'पान लागलें रे!' आणि घरातले सगळे बॅटरी घेऊन धावले, तेव्हा पुण्याहून आलेले आमचे एक काका, जे कोण लागतात ते मला अजून नीट सांगता येत नाही, शांतपणे हात धुऊन पाटावर येऊन बसले. त्यांना वाटलं जेवायला पान मांडलं. ज्या गड्याला चावलं होतं तो वाचला, साप बिनविषारी होता, पण काकांचं ते पाटावर बसणं आमच्या घरात अजून निघतं.

'कोण लागतो' हे नात्याचं. तो तुझा कोण लागतो, म्हणजे कुठल्या बाजूने चिकटलाय. डिचोलीत सासर म्हटल्यावर तुम्हाला निम्मा गाव काही ना काही लागत असणार. आणि यात एक हिशेब आहे, जो जवळचा लागतो त्याचंच सुतक लागतं. कोणाचं किती दिवस ते सासूबाईंनाच विचारा, माझं त्यात नेहमी चुकतं.

लग्नाची गंमत तर वेगळीच. 'लग्न' हा शब्दच त्याच 'लग्' धातूचा, अर्थ 'लागलेलं'. पत्रिकेतलं लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला क्षितिजाला टेकलेली रास. त्या मुहूर्तावर अंतरपाट काढतात नि आपण म्हणतो 'लग्न लागलं', म्हणजे लागलेलं परत लागलं. दोनदा चिकटवूनही काहींचं सुटतं ते सोडा.

आणि तुम्ही गोव्यात आहात म्हणून हे जास्तीचं. आमच्यासारख्या बऱ्याच घरांत बोलायला कोंकणी आणि पेपर, भजन, नाटक मराठी असा कारभार असतो, त्यामुळे दोन्ही 'लाग' एकत्र कानावर पडतात. कोंकणीत 'लागीं' म्हणजे जवळ, 'म्हजे लागीं पयशे नात' म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत, आणि 'ताका लागून' म्हणजे त्यामुळे. आजच्या मराठीला हे परकं वाटतं, पण देवळात भजनाला बसलात तर जुन्या अभंगांत 'तुजलागी', 'मजलागी' ऐकाल, म्हणजे तुझ्यासाठी, मला. मराठीत ते अभंगांतच राहिलं आणि कोंकणीत अजून रोज बाजाराला जातं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही जिन्यावरून पडलात तेव्हा सासूबाईंनी विचारलं 'काय लागलं?' आणि आता रोज फोन ठेवताना म्हणतात 'काय लागलं तर सांग'. पहिलं दुखापतीचं होतं, दुसरं गरजेचं आहे. त्यावर तुम्ही रोज प्रामाणिकपणे 'काही लागत नाही' सांगता असं लिहिलंय. व्याकरण शंभर टक्के बरोबर, पण ते नका सांगू, त्यांच्या मनाला लागेल. थोडी कोकमाची सोलं मागा. कढीला लागतातच.