एखाद्या ठिकाणचं प्रदूषण खरंच किती घातक आहे, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुस्तकात हवा, पाणी, जमीन आणि ध्वनी असे प्रदूषणाचे चार प्रकार, त्यांची कारणं आणि दुष्परिणाम दिलेले असतात. पण समोरच्या एखाद्या जागेचं प्रदूषण किती धोक्याचं आहे, हे त्यावरून कसं ठरवायचं?

त्यावरून ठरत नाही. हे चार कप्पे परीक्षेच्या सोयीचे आहेत, प्रदूषक ते जुमानत नाही. कोळशातला पारा धुराड्यातून हवेत जातो, पावसाबरोबर तळ्यात उतरतो, तळाच्या गाळातले जीवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे शरीरात साठत जाणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात आणि मग तो माशांतून माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. आता हे हवेचं प्रदूषण की पाण्याचं? म्हणून मी प्रकार बाजूला ठेवतो आणि तीन गोष्टी बघतो: पदार्थ निघतो कुठून, वाटेत त्याचं काय होतं, आणि शरीरात तो किती प्रमाणात नि किती काळ जातो. मधली गोष्ट बहुतेक जण सोडून देतात आणि घोळ तिथेच होतो.

हवेपासून सुरुवात करू. इंधन पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढंच निघायला हवं. इंधन ओलं असेल, हवा कमी पडली किंवा ज्योत पुरेशी तापली नाही, तर अर्धवट जळलेला माल बाहेर पडतो: काजळी, कार्बन मोनॉक्साइड, डांबरासारखे चिकट हायड्रोकार्बन. मग आच वाढवली की काम झालं, असं वाटेल. पण जास्त तापमानाला हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. त्यामुळे निळ्या ज्योतीने, काजळीचा टिपूसही न दिसता जळणारा गॅस बंद खोलीत नायट्रोजन डायऑक्साइड वाढवतोच. काजळी कमी करायला जावं तर ही ऑक्साइडं वाढतात, हा इंजिन बनवणाऱ्यांचा जुना पेच आहे.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. हवेतल्या सूक्ष्म कणांपैकी बराच वाटा कुठल्याही नळीतून कण म्हणून बाहेर पडलेलाच नसतो. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं हे वायू असतात. शेतातली खतं आणि जनावरांचं मलमूत्र यांतून अमोनिया येतो, तोही वायूच. हवेत तासन्‌तास एकमेकांशी प्रक्रिया होऊन त्यांचे अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचे बारीक कण बनतात. म्हणजे शहरातल्या वाहनांचा धूर आणि दूरच्या शेतातला अमोनिया मिळून तिसऱ्याच ठिकाणी धुरकं तयार करतात. ओझोनचंही तसंच. जमिनीलगतचा ओझोन कुणी सोडत नाही, तो उन्हात तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो, आणि पुष्कळदा भर रहदारीच्या चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या उपनगरात जास्त सापडतो, कारण चौकात गाड्यांतून ताजा निघणारा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. ‘इथे गाड्या नाहीत, म्हणजे हवा स्वच्छ’ हा हिशेब म्हणून फसतो.

हवामानाचा हात किती असतो तेही बघा. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि धूर पातळ होतो. थंडीच्या शांत रात्री जमीन लवकर निवते, खालची हवा गार आणि वरची ऊबदार राहते, आणि भांड्यावर झाकण बसावं तसा सगळा धूर खाली अडकतो. धूर तेवढाच असतो, पण तो पसरायला जागा उरत नाही. १९५२ साली ५ ते ९ डिसेंबरला लंडनमध्ये हेच झालं. कोळशाच्या शेगड्या आणि वीजघरं रोजचीच होती, फक्त वारा थांबला. सुरुवातीला सुमारे ४,००० मृत्यूंचा अंदाज होता, नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० च्या आसपास नेला. त्यातूनच १९५६ चा ब्रिटनचा स्वच्छ हवा कायदा आला.

शरीरात काय होतं, ते कणाच्या आकारावर ठरतं. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. दहा मायक्रॉनचे कण बहुतेक करून नाक-घशात आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात, खोकल्या-शिंकेने बरेचसे बाहेरही येतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे पीएम २.५, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथे दाह सुरू होतो आणि तो फुप्फुसापुरता राहत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या कडक होतात. म्हणूनच या कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा इतका मोठा आहे. ‘मला खोकला नाही, दमा नाही, मला काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि २४ तासांची १५ अशी मार्गदर्शक मर्यादा दिली. त्याखाली सगळं सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ नाही, कारण ज्याच्या खाली अपाय शून्य असा आकडा आजवर सापडलेला नाही.

घरातलं स्वस्त मापक यंत्र उपयोगी पडतं, पण ते वाचता आलं पाहिजे. त्यात लेझरचा किरण कणांवरून विखुरतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही मोजले जातात आणि आकडा भलताच चढतो. तेव्हा धुक्यातल्या पहाटेच्या आकड्याने घाबरू नका आणि एका क्षणाच्या आकड्यावर तर निष्कर्ष काढूच नका. निदान आठवडाभराचा आलेख बघा. स्वयंपाकाच्या वेळी टोक येऊन तासाभरात उतरत असेल तर उगम घरातच आहे. रात्री हळूहळू चढून ऊन आल्यावर उतरत असेल तर बाहेरची अडकलेली हवा आत येते आहे. पहिल्या बाबतीत खिडकी उघडायची, दुसऱ्या बाबतीत बंद ठेवायची. दोन्हीला एकच उपाय केला तर एकदा हमखास उलटा पडतो. आणि हे यंत्र वायू मोजत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद जागेत शेगडी किंवा जनरेटर चालत असेल तर त्याचा इशारा देणारं यंत्र वेगळं लावावं लागतं.

हवा शुद्ध करणारं यंत्र घेताना जाहिरात न बघता तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देतं ते बघा. १२ चौरस मीटरची, ३ मीटर उंचीची खोली म्हणजे ३६ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायची तर १८० घनमीटर क्षमता हवी, तीही ज्या वेगावर तुम्ही ते रात्री आवाज सहन करून चालवणार आहात त्या वेगावर. कण गाळणारी जाळी वायू गाळत नाही. त्याला सक्रिय कार्बन लागतो, आणि तो पातळसा थर देऊन भागत नाही. मास्कचंही असंच: एन ९५ चं कापड उत्तम असतं, पण दाढीमुळे कडेला फट राहिली तर हवा त्या फटीतूनच आत जाते.

आता पाणी. घरगुती सांडपाणी नदीत गेल्यावर मासे मरतात ते बहुधा विषाने नाही, गुदमरून. २० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ खाताना जीवाणू हा ऑक्सिजन वापरतात, आणि ही मागणी बीओडी या आकड्याने सांगतात. चाचणी २० अंशाला, ५ दिवसांची असते. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. २५० धरला तर असं एक लिटर पाणी सत्तावीस-अठ्ठावीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. प्रत्यक्षात हवेतून थोडा ऑक्सिजन परत मिसळत राहतो म्हणून नदी लगेच मरत नाही. पण उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, पाणी तापून ऑक्सिजन आधीच कमी असतो आणि जीवाणूंची भूक वाढलेली असते. तिन्ही गोष्टी एकदम येतात, म्हणून मासे उन्हाळ्यात तरंगतात.

तपासणी करणारे इथे एक चूक वारंवार करतात. हिरव्यागार तळ्यात दुपारी ऑक्सिजन मोजला तर तो १२-१४ मिलिग्रॅमही येतो आणि अहवालात पाणी उत्तम ठरतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पण रात्रभर तेच शेवाळ तो घेत असतं. मोजायचा तर सूर्योदयाच्या थोडं आधी मोजा. तेव्हा आकडा २ च्या खाली असेल तर दुपारच्या १४ ला काही अर्थ नाही. आणि हे शेवाळ येतं कशाने? सांडपाणी, खतं आणि डिटर्जंट यांतल्या फॉस्फरस-नायट्रोजनने. त्यामुळे सांडपाण्यावर प्रक्रिया करून बीओडी उतरवला पण फॉस्फरस तसाच सोडला, तर पाणी वरून नितळ दिसतं आणि काही आठवड्यांत तळं पुन्हा हिरवं होतं. मेलेलं शेवाळ कुजताना परत ऑक्सिजन खातं, ते वेगळंच.

फेस, वास, रंग हे वाईट दिसतं, पण धोक्याचं माप म्हणून ते फारसं कामाचं नाही. आर्सेनिक आणि नायट्रेट असलेलं विहिरीचं पाणी काचेसारखं स्वच्छ आणि चवीला चांगलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आर्सेनिकचा मार्गदर्शक आकडा १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, नायट्रेटचा ५० मिलिग्रॅम. उकळल्याने जंतू मरतात, हे दोन्ही कमी होत नाहीत. उलट पाणी आटून त्यांची तीव्रता वाढते. तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवलं तर नायट्रेटमुळे त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडतं. ‘आम्ही उकळून देतो’ हे इथे उत्तर नव्हे.

साठून राहणाऱ्या पदार्थांचा हिशेब आणखी वेगळा. पाण्यात पारा अगदी नगण्य असतो, पण लहान जिवाला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, आणि दर पायरीला मिथाइल पारा वाढत जातो. जपानमध्ये मिनामाटाला कारखान्याच्या सांडपाण्यातूनच तो खाडीत जात होता. रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची, सांडपाणी थांबलं १९६८ मध्ये. शिसं रक्तातून महिनाभरात निम्मं होतं, म्हणून रक्ताची चाचणी फक्त अलीकडचं सांगते. पण हाडांत ते दशकानुदशकं राहतं आणि गरोदरपणात कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरतं. वाहनांच्या पेट्रोलमधलं शिसं जगातून २०२१ मध्ये पूर्ण गेलं, आधी शोषलेलं अजून लोकांच्या हाडांत आहे. अशा पदार्थांना ‘थोडंसंच आहे’ हा युक्तिवाद लागू होत नाही.

जमिनीबद्दल एवढंच की उघड्यावर कचरा जाळणं हे सगळ्यांत वाईट. पीव्हीसी या प्लास्टिकमुळे क्लोरीन मिळतो, आग मंद असते, आणि त्यातून डायॉक्सिनं ही अतिविषारी संयुगं तयार होऊन राखेत नि मातीत बसतात. ती मोडायला ८५० अंशांच्या वर निदान दोन सेकंद लागतात, आणि कचऱ्याच्या ढिगाला लावलेल्या आगीत हे साधत नाही. आवाजाच्या बाबतीत डेसिबल हे माप फसवं आहे: ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट. ८५ ला ८ तास सोसत असतील तर ८८ ला ४ आणि ९१ ला २. कानातल्या मेलेल्या संवेदी पेशी परत येत नाहीत.

शेवटी नमुन्याबद्दल, कारण बहुतेक तपासण्या इथेच वाया जातात. भूजल तपासायचं तर पंप काही मिनिटं चालवून नळीत साचलेलं पाणी जाऊ द्या. घरच्या नळातलं शिसं तपासायचं तर नेमकं उलट: किमान ६ तास नळ बंद ठेवून निघणारं पहिलं एक लिटर घ्या, कारण शिसं रात्रभर नळीतूनच झिरपतं. धातूंसाठी प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली घ्या, ती विसळू नका. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी, नमुना गार ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. बीओडीची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका.

अहवाल हातात आला की ‘आढळले नाही’ या शब्दांवर समाधान मानू नका. शेजारी त्या पद्धतीची शोधमर्यादा, म्हणजे तिला ओळखता येणारं सगळ्यांत कमी प्रमाण, लिहिलेली असते, नसेल तर विचारा. आर्सेनिकची शोधमर्यादा ५० मायक्रोग्रॅम असेल आणि तुम्हाला १० च्या आत आहे का हे जाणून घ्यायचं असेल, तर पाण्यात ४० असतानाही तोच शेरा येईल. अशा वेळी पैसे देण्याआधीच शोधमर्यादा विचारून दुसरी प्रयोगशाळा गाठा.