ऑर्डर बाय टाकलं आणि बेरीजच बदलली

प्रश्न: माझ्या टेबलमध्ये तारीख आणि रक्कम असे कॉलम आहेत. एसक्यूएल क्वेरीत सम या बेरजेच्या फंक्शनपुढे ओव्हर लिहून कंस रिकामा ठेवला की प्रत्येक ओळीत एकूण बेरीज येते, पण त्याच कंसात ऑर्डर बाय तारीख टाकलं की आकडे चढत जातात आणि मधेच दोन ओळींत सारखाच आकडा दिसतो. ऑर्डर बाय म्हणजे नुसता क्रम लावणं ना? हा बग आहे का?

उत्तर: बग नाहीये, एसक्यूएलच्या स्टँडर्डमध्येच तसं ठरलंय. क्वेरीच्या शेवटी येतं ते ऑर्डर बाय निकाल कुठल्या क्रमाने दाखवायचा एवढंच बघतं, पण ओव्हरच्या कंसातलं वेगळं, तिथे तुम्ही ऑर्डर बाय लिहिलंत आणि फ्रेम (म्हणजे हिशेबात कुठून कुठपर्यंतच्या ओळी घ्यायच्या ते) सांगितली नाहीत तर डेटाबेस स्वतःच रेंज बिटवीन अनबाउंडेड प्रिसिडिंग अँड करंट रो अशी फ्रेम धरतो, म्हणजे पहिल्या ओळीपासून चालू ओळीपर्यंतच बेरीज.

आता सारख्या आकड्याचं. समजा १ तारखेला १००, २ तारखेला २०० आणि ५० अशा दोन ओळी, आणि ३ तारखेला १५०. कंस रिकामा असेल तर चारही ओळींत ५००. ऑर्डर बाय तारीख दिलं की १००, ३५०, ३५०, ५००. रेंजमध्ये करंट रो म्हणजे एकटी ती ओळ नसते, तारीख सारखी असलेल्या सगळ्या ओळी एकदमच आत येतात, म्हणून २ तारखेच्या दोन्ही ओळींना ३५०. ॲव्हरेजचंही तेच होतं, आणि तिथे तर चूक पटकन लक्षातही येत नाही, आकडा बरोबरच वाटतो!

एकेक ओळीने वाढणारी बेरीज हवी असेल तर तीच फ्रेम कंसात स्वतः लिहा, फक्त रेंजच्या जागी रोज (ROWS, म्हणजे ओळी) घालून. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण २ तारखेच्या दोन ओळींत आधी कुठली घ्यायची ते डेटाबेसला माहीतच नसतं, त्यामुळे आज १००, ३००, ३५०, ५०० आलं तर उद्या १००, १५०, ३५०, ५०० पण येऊ शकतं आणि दोन्ही बरोबरच. म्हणून ऑर्डर बायमध्ये तारखेनंतर आयडीसारखा युनिक कॉलम टाकाच, हे मी प्रत्येकाला अगदी आग्रहाने सांगतो.

प्रश्न: लास्ट व्हॅल्यू हे फंक्शन मला शेवटची व्हॅल्यू देतच नाही, चालू ओळीचीच परत देते. का?

उत्तर: कारण वरचंच, डिफॉल्ट फ्रेम चालू ओळीपाशी संपते. फ्रेम अनबाउंडेड फॉलोइंगपर्यंत, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत, न्या, किंवा सरळ क्रम उलटा करून फर्स्ट व्हॅल्यू वापरा. रँक आणि रो नंबर या ओळींना क्रमांक देणाऱ्या फंक्शन्सना ही भानगड नाही, ती फ्रेमकडे बघतच नाहीत.